एक्सेलमधली हजेरी आणि ऑपरेटरची हरवलेली अठरा मिनिटं

भोसरीकर_टर्निंग (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत आमचं टर्न पार्टचं, म्हणजे लेथवर कातून केलेल्या सुट्या भागांचं, छोटं वर्कशॉप आहे. सहा सीएनसी (संगणकावर चालणारे लेथ), दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारी मिलिंग मशीन), एक जुना लेथ आणि माझ्यासकट तेवीस माणसं. हजेरी, ओव्हरटाइम, पगार हा सगळा हिशेब सहा वर्षं एक्सेलमध्येच चाललाय. गेल्या महिन्यात त्या शीटमधली एक चूक सापडली आणि तेव्हापासून माझं मन थाऱ्यावर नाही. इथे छोटे कारखानेवाले, हिशेब लिहिणारे आणि कामगार असे तिन्ही लोक वाचतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

आमचा एक ऑपरेटर आहे, मूळ परभणीचा. शांत माणूस, पाच वर्षांत आवाज चढवलेला नाही. पगाराच्या दुसऱ्या दिवशी तो घरच्या भिंतीवरचं कॅलेंडरचं पान फाडून घेऊन आला. प्रत्येक तारखेच्या चौकटीत दुधाच्या खुणेखाली त्याने बारीक अक्षरात त्या दिवसाचे तास लिहिले होते. म्हणाला, "साहेब, माझ्या हिशेबानं ओटी साडेएकोणीस तास व्हतोय. तुमच्या कागदावर पावणेबाराच हाय. एकदा बघता का?"

मला आधी वाटलं, त्याचीच बेरीज चुकली असणार. दोन्ही कागद शेजारी ठेवून बसलो. महिनाभर रोज पाळी संपल्यावर पुढच्या माणसाला जॉब समजावून, मशीन पुसून निघेपर्यंत त्याला पाऊण तास जास्त लागत होता. सव्वीस दिवस, रोज आठ तास पंचेचाळीस मिनिटं. सुपरवायझर कागदावर लिहायचा "८.४५". ऑफिसात तोच आकडा शीटमध्ये पडायचा आणि शीट त्याला तासाच्या दराने गुणायची.

पण शीटला काय ठाऊक की ते पंचेचाळीस म्हणजे मिनिटं आहेत! तिच्या लेखी ०.४५ तास, म्हणजे सत्तावीस मिनिटं. रोज अठरा मिनिटं गायब. सव्वीस दिवसांची ४६८ मिनिटं, म्हणजे ७ तास ४८ मिनिटं. हा सगळा ओव्हरटाइम, दर दुप्पट. त्या माणसाचा जवळजवळ दोन दिवसांचा पगार एका टिंबापायी माझ्याकडे राहिला होता.

पुढे जे लक्षात आलं त्याने जास्त हललो. ही चूक कधीच कामगाराच्या बाजूने पडत नाही. १५ मिनिटं लिहिली की ९ धरली जातात, ३० ची १८, ५० ची ३०. तास पूर्ण असेल तरच हिशेब बरोबर येतो, नाहीतर दर नोंदीत थोडं तरी कापलं जातं. माझी कुणाला फसवायची इच्छा नव्हती, पण कापलं तर गेलंच.

जुनी अकरा महिन्यांची शीट काढली. टिंबाआधीचा आकडा वेगळा केला, टिंबानंतरच्या दोन आकड्यांना मिनिटं धरून ६० ने भागलं आणि सगळा ओटी नव्याने मांडला. नऊ जणांचे पैसे निघाले. दोन हप्त्यांत देतोय, पहिला दिला.

आता शीट मुळापासून नवी करायची आहे. तुम्ही तास कसे नोंदवता? रात्रपाळीचं काय करता? आणि मुख्य म्हणजे कामगाराला त्याचे तास पगाराआधी दिसावेत यासाठी कुणी काही सोय केली आहे का? या माणसाने कॅलेंडरवर लिहून ठेवलं म्हणून कळलं. बाकीच्या आठ जणांनी लिहिलं नव्हतं.

---

ताळा_जमला

दादा, पैसे परत केलेत हे वाचून बरं वाटलं. मी पंधरा वर्षं कारखान्यांचे पगार करते, ही टिंबाची चूक निदान सात-आठ ठिकाणी पाहिली आहे.

पहिली गोष्ट, एकूण तास कुणालाच हाताने लिहू देऊ नका. फक्त आल्याची आणि गेल्याची वेळ लिहा, तीही टिंब न देता मध्ये कोलन (:) देऊन, ६:०० आणि १४:४५ अशी. वजाबाकी शीटने करायची. मधली सुट्टी वेगळ्या रकान्यात.

एक्सेलच्या पोटात वेळ म्हणजे दिवसाचा भाग असतो. सकाळचे सहा म्हणजे ०.२५, दुपारचे बारा म्हणजे ०.५. म्हणून पगाराला गुणायच्या आधी त्या तासांना २४ ने गुणावं लागतं. हे विसरलं की पगार चोविसाव्या हिश्श्यावर येतो, पण ती चूक लगेच डोळ्यांत भरते. खरा त्रास न दिसणाऱ्या चुकांचा. आठवड्याची बेरीज ५४ तास ३० मिनिटं आली तर साध्या फॉरमॅटमध्ये शीट दाखवते ६:३०! दोन पूर्ण दिवस तिने मनात धरलेले असतात, फक्त दाखवत नाही. त्यासाठी सेलच्या फॉरमॅटमध्ये तासाचं अक्षर चौकटी कंसात घालायचं, मग ५४:३० दिसतं. बघणारा जर तो ६:३० चा आकडा उचलून पगारपत्रकात हाताने लिहीत असेल तर झालंच कल्याण.

रात्रपाळीत आला २२:०० ला, गेला ६:३० ला. साधी वजाबाकी केली की उत्तर उणे येतं आणि सेलभर नुसते जाळीचे शिक्के दिसतात. गेल्याच्या वेळेतून आल्याची वेळ वजा करायची आणि त्या वजाबाकीला मॉड हे फंक्शन लावून भाजक १ द्यायचा. ८:३० बरोबर येतं, आणि हाच फॉर्म्युला दिवसपाळीलाही चालतो, म्हणून सगळ्या ओळींना तोच लावा.

शिवाय डेटा व्हॅलिडेशन लावून त्या दोन रकान्यांत वेळेशिवाय काही पडणारच नाही अशी सोय करा. ८.४५ टाईप केलं की शीटनेच अडवलं पाहिजे.

---

व्हीएमसी_चाकण

मी ऑपरेटर आहे. तुमच्या त्या परभणीच्या माणसाला माझा रामराम सांगा.

फॉर्म्युला बरोबर करालच, पण त्या आधीचं सांगतो. आल्याची वेळ कोणती धरता? पाळी सहाची असते. पण रात्रीच्या माणसाकडून जॉब समजून घ्यायचा, ऑफसेट (मशीनमध्ये भरलेली टूलची मापं) बघायचे, पहिला पीस तपासायचा, म्हणजे पावणेसहालाच आत यावं लागतं. मी ५:४४ ला पंच करतो. शीटमध्ये ६:०० धरतात. जाताना १४:४१ ला पंच केलं तर १४:३० धरतात. येताना पुढे सरकवलं, जाताना मागे ओढलं. रोजची सत्तावीस मिनिटं.

आणि थंब, म्हणजे अंगठ्याची हजेरी. कूलंटमध्ये (मशीन थंड ठेवणाऱ्या तेलपाण्यात) हात राहून बोटाच्या रेघा झिजतात. मशीन तीन-तीन वेळा नाकारतं. मागे रांग असते, माणूस कंटाळून आत जातो. महिनाअखेरीला शीटमध्ये "पंच नाही, हाफ डे". मग सुपरवायझरची सही आणायची, तो दुसऱ्या पाळीला असतो, त्याला चार दिवस गाठायचं. दिवसभर काम केल्याचा पुरावा म्हणून मी जॉबकार्ड दाखवतो. त्यावर माझ्या हातची पीसची संख्या असते.

---

नोंदवही

छोट्या कारखान्यांची कामगार कायद्याची कामं करतो, म्हणून थोडं त्या अंगाने.

आठवड्याला ४८ तासांच्या वर काम गेलं की दुप्पट दर, हे १९४८ च्या कारखाना अधिनियमात कलम ५९ मध्ये होतं आणि नव्या श्रम संहितांतही दर दुप्पटच आहे. ओव्हरटाइमचा रकाना नेहमीच्या तासांपासून वेगळा ठेवा. भविष्यनिर्वाह निधीच्या पगारात ओव्हरटाइम धरत नाहीत, दोन्ही एकत्र केलं की तिकडचा हिशेबही बिघडतो.

व्हीएमसी_चाकण यांनी लिहिलेली ओढाताण मी फार बघतो. वेळ पंधरा मिनिटांच्या टप्प्यात राउंड करायचीच असेल तर जवळच्या पंधराला करा, दोन्ही बाजूंना सारखी. एक्सेलमध्ये त्यासाठी एमराउंड आहे. पुष्कळ ठिकाणी येण्याला सीलिंग (वेळ पुढे सरकवणारं) आणि जाण्याला फ्लोअर (मागे ओढणारं) लावलेलं सापडतं. मालकाला विचारलं तर तो म्हणतो शीट आधीच्या माणसाने केली होती. खरं तर वेळ मिनिटाप्रमाणे असताना राउंड करायची गरजच काय? संगणकाला ८:४५ आणि ८:४७ सारखेच सोपे.

"तीन लेट मार्क, एक हाफ डे" हा नियमही शीटमधून काढा. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याच्या कलम ९ प्रमाणे गैरहजेरीची कपात गैरहजर असलेल्या वेळेच्या प्रमाणातच करता येत होती, आणि वेतन संहितेतही तेच तत्त्व आहे. तीन दिवस दहा-दहा मिनिटं उशीर म्हणजे अर्धा तास. त्याला चार तास कापणं बसत नाही.

---

साचा

माझी छोटी फाउंड्री आहे. नोंदवहींचा मुद्दा कायद्याने बरोबर असेल, पण आमची अडचण समजून घ्या. भट्टी तयार झाली आणि ओतणारा माणूस वीस मिनिटं उशिरा आला तर नुकसान वीस मिनिटांचं राहत नाही. धातू थंड होतो, पुन्हा तापवा, वीजबिल वाढतं, बाकीचे आठ जण बसून राहतात. लेट मार्क नसेल तर शिस्त कशी ठेवायची? मी कुणाचे पैसे खायला तो नियम लावलेला नाही.

---

नोंदवही

साचा, तुमचं नुकसान खरं आहे. पण शिस्त आणि पगार या दोन वह्या वेगळ्या ठेवा. वारंवार उशीर करणाऱ्याला लेखी समज द्या, त्याची बाजू लिहून घ्या, पुढची कारवाई कारखान्याच्या लेखी सेवानियमांप्रमाणे करा. वेळेवर येणाऱ्याला हजेरी भत्ता द्या, पुष्कळ ठिकाणी त्याने जास्त फरक पडतो. तासांच्या शीटमध्ये मात्र जे घडलं तेच लिहा. तिथेच शिक्षा मिसळली की कामाचे तास किती आणि दंड किती हे सहा महिन्यांनी तुम्हालाच सांगता येणार नाही.

---

साचा

हजेरी भत्त्याचं पटलं. करून बघतो.

---

हिंजवडी_फेज२

मी आयटीत आहे. आमच्याकडे मशीन नाहीत पण टाइमशीट आहेच. शुक्रवारी संध्याकाळी मेल येतो, "शीट भरा". सोमवारी काय केलं होतं ते कुणाला आठवतंय? सगळे पाच दिवस आठ-आठ लिहितात, बेरीज चाळीस, मंजूर.

ज्या आठवड्यात रिलीज असतं तेव्हा पंचावन्न तास गेलेले असतात. पण चाळीसच्या वर लिहिलं की मॅनेजर विचारतो, म्हणून कुणी लिहीत नाही. पुढच्या प्रोजेक्टचा अंदाज काढायला तीच जुनी शीट उघडतात, "हे काम चाळीस तासांत झालं होतं" म्हणतात आणि क्लायंटला तोच शब्द देतात. म्हणजे आपणच लिहिलेली खोटी चाळीस पुढच्या वेळी आपल्याच मानेवर बसते. मी गेल्या वर्षापासून रोज निघताना खरे तास लिहितो. दोनदा विचारणा झाली, दोन्ही वेळा सांगितलं की गेलेले तास हेच आहेत. तिसऱ्या वेळी कुणी विचारलं नाही, आणि या खेपेला अंदाजात एक माणूस वाढवून मिळाला.

---

राइनकाठी

जर्मनीतून लिहितेय. इथेही लहान कंपन्यांत अजून एक्सेलच. युरोपीय न्यायालयाने १४ मे २०१९ ला निकाल दिला की रोजच्या कामाचे तास मोजण्याची भरवशाची आणि कामगाराला पाहता येईल अशी व्यवस्था मालकाने ठेवली पाहिजे. दावा स्पेनमधल्या कामगार संघटनेचा होता. त्यानंतर १३ सप्टेंबर २०२२ ला इथल्या संघीय कामगार न्यायालयाने सांगितलं की जर्मनीतल्या मालकांवरही हे बंधन आहेच.

आमच्या शीटमध्ये एक रकाना आहे तो मला फार मोलाचा वाटतो. आज आल्याच्या वेळेतून काल गेल्याची वेळ वजा होते, आणि मधली विश्रांती अकरा तासांपेक्षा कमी झाली की सेल लाल होतो. इथल्या कायद्याप्रमाणे दोन पाळ्यांमध्ये अकरा तास हवेत. रात्री अकराला निघालेल्या माणसाला सकाळी दहाच्या आत बोलवता येत नाही. भोसरीकर, तुमच्याकडे कायदा वेगळा, पण हा रकाना घालायला काय हरकत आहे? कोण किती दमलाय ते निदान दिसेल.

---

व्हीएमसी_चाकण

ताई, हा रकाना आमच्याकडे घातला तर दिवाळीच्या आधी अख्खी शीट लाल होईल. रिलीव्हर (पाळी सोडवायला येणारा माणूस) आला नाही की डबल पाळी. चौदाव्या-पंधराव्या तासाला डोळ्यांपुढे आकडे हलतात. माझ्या मित्राने अशाच वेळी ऑफसेटमध्ये एक शून्य कमी टाकला. टूल जॉबमध्ये घुसला. नशीब, दार बंद होतं.

---

भोसरीकर_टर्निंग

राइनकाठी, तो रकाना आज रात्रीच घालतो. व्हीएमसी_चाकण, तुमचा प्रतिसाद माझ्या सुपरवायझरला वाचून दाखवला. तो दोन मिनिटं गप्प होता, मग म्हणाला, "आपल्याकडंही पावणेसहालाच येतात." उद्यापासून पंचची वेळ हीच आल्याची वेळ.

---

पोळीभाजी_डोंबिवली

मी पोळीभाजी केंद्र चालवते, सहा मावशी आहेत माझ्याकडे. तासावर पैसे. मुलाने मला गूगल शीट करून दिली, छान चालते. पण मावशींना ती वाचता यायची नाही. दोघींना अक्षरओळख बेताची, आणि मोबाइलच्या पडद्यावर ते बारीक आकडे मलाच दिसत नाहीत.

म्हणून दर शनिवारी मी त्याची छापील प्रत काढते, मोठ्या अक्षरात, आणि कणकेच्या डब्यांच्या वरच्या भिंतीला चिकटवते. नावं मराठीत, वार मराठीत. तासांचा आकडा टिंबाने लिहीतच नाही. "६ तास ४० मिनिटं" असं लिहिते. प्रत्येक मावशी आपल्या ओळीवर पेनाने बरोबरची खूण करते. ज्यांना वाचता येत नाही त्यांना दुसरी वाचून दाखवते. चुकलं असेल तर तिथेच गोल करतात. रविवारी मी ते गोल बघून शीट दुरुस्त करते आणि सोमवारी पैसे.

पैशांचा आकडा त्या कागदावर नसतो. कुणाला किती दर ते ज्याचं त्याला माहीत. फक्त तास.

सुरुवातीला कुणी गोल करायचं नाही, संकोच वाटायचा. मग एका शनिवारी एका मावशींचा पाऊण तास माझ्याच हातून राहिला होता, तो मी सगळ्यांसमोर स्वतः गोल केला. पुढच्या आठवड्यापासून त्या बिनधास्त पेन उचलायला लागल्या.

---

ताळा_जमला

ताई, याहून चांगली पद्धत मी मोठ्या कंपन्यांतही पाहिली नाही. भोसरीकर, तासांचे शब्द शीटकडूनच लिहून घेता येतात, टेक्स्ट फंक्शनच्या फॉरमॅटमध्येच तास आणि मिनिटांपुढे मराठी शब्द जोडायचे. तुम्हाला तयार फाइल पाठवते, मेसेज करा.

अजून एक. आल्याच्या वेळेच्या रकान्यात कुणी नाउ हे फंक्शन टाकलेलं नाही ना बघा. एका ठिकाणी होतं. फाइल जितक्या वेळा उघडू तितक्या वेळा सगळ्यांची येण्याची वेळ बदलायची! चालू वेळ कायमची टाकायला कंट्रोल, शिफ्ट आणि अर्धविरामाची कळ एकत्र दाबा. आणि शीट संरक्षित करण्याआधी भरायचे रकाने निवडून त्यांचं कुलूप काढा. एक्सेलमध्ये सगळे सेल आधीपासून कुलूपबंद धरलेले असतात, संरक्षण चालू केलं की तुम्हालाच काही लिहिता येत नाही. मग लोक वैतागून संरक्षणच काढून टाकतात.

---

लालबाग

आजोबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. भोंगा झाला की घरातले घड्याळ लावायचे असं आजी सांगायची. कायद्यात तास कसे उतरत आले ते आजोबांना पाठ होतं. १९११ मध्ये गिरणीतल्या पुरुषाला दिवसाला १२ तासांची हद्द आली, १९२२ मध्ये आठवड्याला ६०, १९३४ मध्ये ५४ आणि १९४६ मध्ये ४८. रविवारची सुट्टी त्याही आधीची, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीने १० जून १८९० पासून मिळालेली. त्या सुट्टीचं नाव काढलं की आजोबा लोखंड्यांचं नाव घेतल्याशिवाय पुढे बोलत नसत. तुमच्या ऑपरेटरचं कॅलेंडरचं पान वाचून त्यांची आठवण आली. तेही हजेरीचा आपला हिशेब पंचांगाच्या मागच्या पानावर ठेवायचे.

---

भोसरीकर_टर्निंग

तीन आठवड्यांनी परत लिहितोय. सगळ्यांचे मनापासून आभार.

ताळा_जमला यांची फाइल लावली. टिंब टाकलं की शीट आता घेतच नाही. डोंबिवलीच्या ताईंची पद्धत जशीच्या तशी उचलली. आमच्याकडे गुरुवारी सुट्टी, म्हणून बुधवारी दुपारी पाळी बदलताना कागद पंचिंग मशीनशेजारी लागतो आणि पेन दोऱ्याने बांधलेलं असतं. पहिल्या आठवड्यात एकही गोल नव्हता. दुसऱ्या आठवड्यात तीन आले. दोन ठिकाणी आमच्याकडून कमी लागलं होतं. तिसरा गोल हेल्परने स्वतःच्या ओळीवर केला होता आणि शेजारी लिहिलं होतं, "मंगळवारी मी ४ ला गेलो, इथे ६ आहे."

विश्रांतीच्या रकान्यात दोन नावं सारखी लाल येतात. दोघंही रात्रपाळीचे, कारण तिसरा रिलीव्हरच नाही. माणूस शोधतोय. कुणाच्या ओळखीत सीएनसी टर्निंगचा, फानुक कंट्रोलवर काम केलेला ऑपरेटर असेल तर निरोप द्या.

नऊ जणांचा दुसरा हप्ता शनिवारी दिला. परभणीच्या माणसाने पैसे मोजले, सही केली आणि विचारलं, "साहेब, माझं कॅलेंडरचं पान तुमच्याकडंच हाय का? दुधाचा हिशेब राहिलाय त्याच्यावर."

पान फायलीत लावलं होतं. काढून दिलं, झेरॉक्स ठेवली.